गडकऱ्यांचं बंड : 'कर वाढला म्हणून' एवढं पुरेल का?

पन्हाळ्यावर गेलात की चार दरवाजाची जागा नक्की बघा. दरवाजा दिसणार नाही, १८४४ साली इंग्रजांनी तो पाडला. का पाडला, हे सांगताना आपण सगळे एक चूक करतो. माझ्याही पहिल्या संशोधन आराखड्यात ती होती: 'इंग्रजांनी कर वाढवले, म्हणून गडकऱ्यांनी बंड केलं.' मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला: 'किती?'

आकडा शोधायला बसले आणि लक्षात आलं की प्रश्नच चुकलाय.

गडकरी म्हणजे किल्ल्याची वंशपरंपरागत शिबंदी. पगाराऐवजी जमीन, जमिनीच्या बदल्यात गडाची राखण. कोल्हापूरचे राजे तेव्हा अज्ञान होते. कंपनी सरकारने कारभारी म्हणून दाजी कृष्ण पंडित यांना बसवलं. त्यांनी नव्या शिस्तीत गडाकडच्या जमिनींचा कारभार मामलेदाराकडे नेला. आता गडकऱ्याच्या जागी उभे राहून बघा. काल तुमचा हिशेब गडावरच, तुमच्याच माणसांत मिटत होता. आज तो कचेरीत, एका परक्या कारकुनासमोर. आणि जमीन गडाची राहिली नाही, तर गडावर तुमचं काम तरी काय?

जुलै १८४४ मध्ये सामानगड आणि भुदरगडाचे दरवाजे आतून बंद झाले. लोण पन्हाळ्यापर्यंत पोचलं. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हन्स दौऱ्यावर असताना पकडले गेले आणि पन्हाळ्यावर कैदेत राहिले. १३ ऑक्टोबरला सामानगड पडला, १ डिसेंबरला पन्हाळा.

इथे मला अमेरिकेची मदत झाली. (विषय सोडून वाचत जा, खरंच.) १७६४ च्या साखर कायद्यात इंग्रजांनी काकवीवरची जकात गॅलनमागे ६ पेन्सवरून ३ पेन्सवर आणली. म्हणजे निम्मी! तरी वसाहतवाले भडकले. कारण जुनी जकात कागदावरच होती, नवी खरोखर वसूल होणार होती. शिवाय खटले ज्यूरी नसलेल्या नौदल न्यायालयात चालणार होते. १७७३ च्या चहा कायद्याने तर चहा स्वस्तच होत होता, तरी बॉस्टनच्या बंदरात पेट्या बुडाल्याच.

दोन्हीकडची माणसं सारखी होती असं मी म्हणत नाही. तिकडे छापखाने होते, विधानसभा होत्या, मागणी लेखी होती. गडकऱ्यांबद्दल आपण वाचतो ते मुख्यतः त्यांना हरवणाऱ्यांच्या कागदांत, आणि तिथे ते 'बंडखोर' म्हणूनच येतात. म्हणून दस्तऐवज वाचताना दराच्या रकान्यापाशी थांबू नका. वसूल कोण करतंय, तक्रार कुठे न्यायची, आधी हे काम कोणाकडे होतं, हे तिन्ही प्रश्न प्रत्येक कागदाला विचारा. त्याच वर्षी सुरतेत मिठाचा कर ८ आण्यांवरून १ रुपया झाला आणि दंगल झाली. तिथे दराचं उत्तर चालेल. पन्हाळ्याला तेच चिकटवलं, तर परीक्षक तुम्हालाही 'किती?' विचारणार.

आणि हो, बंड मोडायला आलेला खर्च कोल्हापूर संस्थानाच्याच माथी मारला गेला. अमेरिकेत लढाईचं बिल आधी आलं आणि बंड नंतर झालं. आपल्याकडे बंड आधी, बिल नंतर. माझं पुढचं प्रकरण त्या बिलावर आहे.