एन्चिलाडा, ठेचा आणि गुजरातचा सुलतान

अंधेरीच्या घरी लेकीनं ओव्हनमध्ये चिकन एन्चिलाडा केला. ‘ही परदेशी थेरं!’ अम्मी म्हणाली. एन्चिलाडा म्हणजे मिरचीच्या रश्शात बुडवलेली मक्याची पोळी. मका, मिरची दोन्ही मूळची मेक्सिकोकडची, मिरची इथं आणली पोर्तुगीजांनी. १५३४ मध्ये हुमायूनच्या धास्तीनं गुजरातच्या बहादूरशहानं त्यांना वसई दिली, सोबत साष्टीही गेली. आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर त्यातलीच. वसईवर १७३९ पर्यंत अंमल त्यांचाच. आम्हाला ‘बाहेरचे’ म्हणणाऱ्यांच्या ठेच्यातही तीच मिरची, आणि अम्मीच्या सालनातही!

एन्चिलाडासोबत म्हणे वाइन घेतात. आमच्या दस्तरखानावर ती नाही; सिरका मात्र हलाल, हदीसमध्ये त्याची तारीफही आहे. शेजारच्या ईस्ट इंडियन आंटींनी सिरक्यात मुरवलेला कांदा पाठवला. अम्मीनं दुसरा तुकडा मागून घेतला.