पवनारचे भाषण, कामठीची पलटण

गोंदियाजवळ बिरसी येथे भाताच्या बांध्यांमध्ये एक धावपट्टी आहे. ती इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता (तो १९९९ मध्ये वेगळा झाला) आणि सारा मुलूख मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत होता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. नोव्हेंबरात रविशंकर शुक्लांच्या प्रांतिक मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पण राजीनामा हा पक्षाचा निर्णय. एकट्या माणसाने 'हे युद्ध मला मान्य नाही' असे म्हणावे तरी कसे?

इंग्लंडात सक्तीची लष्करभरती होती. तिथला युद्धविरोधक न्यायाधिकरणापुढे उभा राहून सदसद्विवेकाची साक्ष देऊ शके. आपल्याकडे सक्ती नव्हती, म्हणून नाकारायलाही काही नव्हते. उरले होते ते फक्त बोलणे, आणि भारतसंरक्षण कायद्याने नेमके तेच गुन्हा ठरवले होते.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार येथे विनोबा भावे बोलले. युद्धाला माणसे वा पैसा देणे चूक आहे, आणि सर्वच युद्धांचा प्रतिकार अहिंसेने करावा, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. गांधींनी निवडलेले ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही. स्थळ-वेळ अधिकाऱ्यांना आधी कळवायची, मग बोलायचे, अशी या सत्याग्रहाची शिस्त होती. चार दिवस गावोगाव बोलल्यावर, २१ तारखेला विनोबांना अटक झाली. शिक्षा तीन महिन्यांची. सुटल्यावर तेच बोलून ते पुन्हा तुरुंगात गेले. दुसरे सत्याग्रही जवाहरलाल नेहरू. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढील काही महिन्यांत वीस हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली.

ही सारीच माणसे युद्धविरोधी होती काय? आम्हांला तसे वाटत नाही. याच काँग्रेसने जुलै १९४० मध्ये पुण्यात, राष्ट्रीय सरकार मिळाल्यास युद्धात साहाय्य करण्याची तयारी दाखवली होती. डिसेंबर १९४१ मध्ये सत्याग्रही सुटले, जपान युद्धात उतरला, आणि महिनाभरात बार्डोलीला काँग्रेस पुन्हा त्याच तयारीवर आली. अनेकांचा विरोध परक्या सरकारला होता. युद्ध हे निमित्त. गांधींनी पहिला मान नेहरूंना न देता विनोबांना दिला, त्याचे मर्म इथेच असावे. विनोबांचा विरोध युद्ध कोण करतो यावर अवलंबून नव्हता.

पण या विरोधाला एक जड प्रश्न होता. हिटलर जिंकला तर? मानवेंद्रनाथ रॉय यांनी याच कारणाने युद्धाला पाठिंबा दिला. डॉ. आंबेडकरही युद्धप्रयत्नांच्या बाजूने उभे राहिले, आणि १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळात गेले. त्यांच्या भूमिकेत आणखी एक धागा होता, तो आपल्याकडील गांधीवादी लेखनात सहसा दिसत नाही. महारांना सैन्याचे दार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाले. पहिल्या महायुद्धात उभी केलेली पलटण १९२१ मध्ये मोडली. ज्याला गणवेशच नाकारला गेला, त्याने गणवेशाचा त्याग कसा करायचा? ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली पलटण बेळगावला उभी राहिली. दुसरी उभी राहिली नागपूरजवळच्या कामठीला, पवनारपासून जेमतेम दिवसभराच्या वाटेवर.