सूर्यावरचे डाग आणि बाजारातील अरिष्टे

बाजारातील तेजी-मंदीचा कौल आकाशाकडे मागण्याची प्रथा भारतात फार जुनी आहे. सहाव्या शतकात उज्जयिनीत होऊन गेलेल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत भावांच्या चढउतारासाठी ‘अर्घकांड’ हे स्वतंत्र प्रकरण लिहिले (अर्घ म्हणजे किंमत), आणि पंचांगांच्या संवत्सरफलात सस्याधिपती, मेघाधिपती यांच्या जोडीने अर्घाधिपती, म्हणजे त्या वर्षीच्या भावांचा स्वामी मानलेला ग्रह, आजही सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न इंग्लंडमधील एका अग्रगण्य अर्थशास्त्रज्ञाने भावांच्या याद्या आणि वेधशाळांच्या नोंदी पुढे ठेवून सोडवायला घेतला, आणि त्या प्रयत्नाचे धागे दख्खनच्या दुष्काळापर्यंत येऊन पोहोचले.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स (१८३५–१८८२) यांनी तरुणपणी सिडनीच्या टांकसाळीत सोन्याचा कस तपासण्याची नोकरी केली, तेथेच हवामानाच्या नोंदी ठेवण्याचा नाद त्यांना लागला, आणि पुढे इंग्लंडच्या कोळशाच्या साठ्यावरील १८६५ च्या ग्रंथाने त्यांचे नाव झाले. सूर्यावर दिसणाऱ्या काळ्या डागांची संख्या साधारण अकरा वर्षांच्या आवर्तनाने वाढते आणि घटते, हे तोवर श्वाबे आणि वुल्फ यांच्या वेधांमुळे मान्य झाले होते. डाग आणि गव्हाचे भाव यांचा संबंध असावा ही शंका तर खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी १८०१ मध्येच मांडली होती. शिवाय मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात जेव्हन्स यांचे सहकारी असलेले भौतिकशास्त्रज्ञ बाल्फोर स्ट्युअर्ट हे गुरू, शुक्र इत्यादी ग्रहांच्या स्थितीमुळे सूर्यावरील डाग कमीअधिक होत असावेत, या मताचे होते. त्यामुळे १८७५ मध्ये ब्रिस्टल येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे वाचलेल्या निबंधात जेव्हन्स यांनी जी कार्यकारणाची साखळी सुचवली, ती त्या काळच्या विज्ञानाला मुळीच विसंगत नव्हती: ग्रहांचा परिणाम सूर्यावर, सूर्याचा पिकांवर, पिकांचा भावांवर आणि भावांचा नाणेबाजारावर होत असेल, तर मोठमोठ्या व्यापारी अरिष्टांचे दूरचे कारण ग्रहांच्या स्थितीत असू शकेल.

या निबंधाचा आधार होता थोरोल्ड रॉजर्स यांनी गोळा केलेले १२५९ ते १४०० या काळातील इंग्लंडमधील धान्यभाव. जेव्हन्स यांनी ते अकरा-अकरा वर्षांच्या रांगांत मांडून सरासरी काढली, आणि तीत चढउतार स्पष्ट दिसला. मग त्यांनी तेच आकडे तीन, पाच, सात, नऊ वर्षांच्या रांगांत मांडून पाहिले, तर तेथेही तितकीच सुबक आवर्तने निघाली. ही अडचण त्यांनी लपवली नाही. निबंध त्यांनी छापण्यापासून मागे घेतला, आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर १८८४ मध्ये संग्रहातून प्रसिद्ध झाला. बाजाराचे भविष्य सांगणाऱ्यांच्या दीर्घ इतिहासात, आपलीच पद्धत कोणत्याही आवर्तनाला होकार देते हे स्वतः तपासून थांबलेला माणूस विरळा, आणि म्हणूनच ही घटना त्यांच्या पुढच्या चुकीपेक्षा अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परंतु ते कायमचे थांबले नाहीत. ऑक्टोबर १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली आणि त्यानंतरच्या महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात जेव्हन्स यांनी सिद्धांत पुन्हा मांडला. अठराव्या शतकाच्या आरंभापासूनची अरिष्टे मोजून दोन अरिष्टांतील सरासरी अंतर त्यांनी १०.४६६ वर्षे काढले, आणि खगोलशास्त्रज्ञ ब्राउन यांनी सूर्यचक्राचा अवधी १०.४५ वर्षे ठरवलेला असल्याने हा मेळ त्यांना निर्णायक वाटला. मात्र इंग्लंडच्या गव्हाच्या भावात हे चक्र दिसेना, तेव्हा त्यांनी दृष्टी भारताकडे वळवली: पीक चांगले आले की धान्य स्वस्त होते, रयतेच्या हाती कापडासाठी पैसा उरतो, लँकेशायरच्या गिरण्या जोरात चालतात, आणि पाऊस फसला की हीच साखळी उलटी फिरते. दिल्लीच्या गव्हाच्या जुन्या भावांचा दाखलाही त्यांनी यासाठी दिला.

त्याच सुमारास दख्खन १८७६–७८ च्या दुष्काळात होरपळत होता. विल्यम विल्सन हंटर या सरकारी सांख्यिकी अधिकाऱ्याने १८७७ मध्ये मद्रासच्या पर्जन्यनोंदींवरून दुष्काळाचे चक्र सूर्याच्या डागांशी जोडले, आणि या मताला इंग्लंडमध्ये पुष्कळ श्रोते मिळाले. दरम्यान मुंबई इलाख्यात सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने दुष्काळी कामावरील मजुराचे वेतन रोज एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतके खाली आणले गेले, त्याविरुद्ध मजुरांनी काम सोडले, आणि धान्याची निर्यात मात्र सरकारने बंद केली नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवून, वेतन, सारा आणि मदत यांविषयी सरकारकडे लेखी गाऱ्हाणी मांडली. पाऊस का फसला याचे उत्तर आकाशात शोधणे योग्यच होते (१८७७ मध्ये पॅसिफिक महासागरात तीव्र एल निनो होता, हे आता ज्ञात आहे), पण पाऊस फसल्यावर माणसे का मेली याचे उत्तर सभेच्या कागदांत होते, सूर्यावर नव्हते.

बाजाराच्या बाबतीतही सिद्धांत टिकत नाही. १८३६–३९ आणि १८४७ ही अरिष्टे सूर्यावरील डाग सर्वाधिक असण्याच्या सुमारास आली, तर १८६६ आणि १८७८ ची अरिष्टे डाग सर्वांत कमी असण्याच्या सुमारास. म्हणजे एकाच कारणाने परस्परविरुद्ध दोन्ही टोकांना तेच कार्य घडवले, असे मानावे लागते. मुंबईचे उदाहरण तर हाताशी होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले, त्या पैशावर बॅक बे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांच्या शेअरांचा सट्टा चढला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच प्रेमचंद रायचंद यांच्यासह अनेकांच्या पेढ्या कोसळल्या. या घटनांची प्रत्येक पायरी तारखेनिशी दाखवता येते, आणि तिच्यात सूर्याला कोठेही जागा नाही.

तरीही कल्पना मेली नाही. जेव्हन्स यांचे पुत्र हर्बर्ट स्टॅन्ली जेव्हन्स, जे पुढे अलाहाबाद विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, त्यांनी साडेतीन वर्षांच्या सूर्यचक्राचा पुरस्कार केला, आणि कोलंबिया विद्यापीठाचे हेन्री लुडवेल मूर यांनी १९२३ मध्ये शुक्राचे आठ वर्षांचे चक्र व्यापारचक्राच्या मुळाशी ठेवले. यावर सर्वांत भेदक काम १९२७ मध्ये मॉस्कोत येवगेनी स्लुत्स्की यांनी केले. सरकारी सोडतीत निघालेले अंक क्रमाने घेऊन त्यांनी लागोपाठच्या दहा-दहा अंकांच्या बेरजा केल्या, म्हणजे ज्या आकड्यांत कोणताही नियम असण्याचा संभवच नव्हता असेच आकडे निवडले, आणि त्यांतून निघालेली लाटांची रेषा १८५५ ते १८७७ या काळातील इंग्लंडच्या व्यापारचक्राच्या आलेखाशेजारी ठेवली. जेव्हन्स यांना सूर्याचा हात दिसला होता त्याच वर्षांतील त्या आलेखाशी सोडतीच्या अंकांची रेषा थक्क करण्याइतकी जुळत होती.