पद्मिनी मोटार : बॉडीचे पुनरुज्जीवन

गंजलेली, अपघातात पिचलेली किंवा आधीच्या दुरुस्त्यांनी बिघडवलेली प्रीमियर पद्मिनीची बॉडी मूळ घडणीबरहुकूम पुन्हा भक्कम करण्याची प्रक्रिया. बोलीत तिला सरसकट ‘डेंटिंग-पेंटिंग’ म्हटले जाते. पण पद्मिनीच्या बाबतीत रंग हा या कामाचा शेवटचा आणि सर्वांत सोपा टप्पा आहे. किती मूळ पत्रा वाचला आणि भार पेलणारे न दिसणारे भाग किती नीट सांधले, यावरच अशा कामाची प्रत ठरवली पाहिजे.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात 1950 च्या दशकात फियाट 1100 बनवायला घेतली. मुंबईकरांनी गुबगुबीत अंगाच्या त्या गाडीला ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. 1964 मध्ये 1100 डी हे मॉडेल आले आणि 1974 पासून तेच ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकले जाऊ लागले. 1089 घन सेंटिमीटरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर असलेली ही गाडी काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने घरोघरी ओळखीची झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून उतरली. कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीजवळ होता आणि तिथे 118 एनई व पुढे प्यूजो 309 या गाड्या तयार होत. त्यामुळे कल्याणपासून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरपर्यंतच्या पट्ट्याला ही गाडी परकी नाही.

पद्मिनीच्या दुरुस्तीचे सारे तर्कशास्त्र तिच्या बांधणीतून निघते. प्रीमियरने 1940 च्या दशकात जोडलेल्या डॉज, प्लिमथ गाड्यांना स्वतंत्र चासी होती. बॉडी उचलून बाजूला ठेवता येई आणि तिचा पत्रा सडला तरी खालचा सांगाडा शाबूत राही. फियाट 1100 ची 1953 ची रचना मात्र एकसंध कवचाची आहे. तिच्यात तळाचा पत्रा, दरवाजांखालून पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर मिळूनच चासीचे काम करतात. म्हणून दरवाजाखालची पेटी आतून सडली की गाडी मधोमध खचू लागते. दरवाजा बंद करताना किंचित उचलावा लागणे आणि दरवाजा व खांब यांमधली फट वर अरुंद, खाली रुंद दिसणे ही त्याची पहिली लक्षणे. बिजागऱ्या वाकवून अशी फट सारखी करता येते, पण त्याने आजार झाकला जातो, बरा होत नाही.

गंज आणि त्याची दुरुस्ती या दोन्ही दृष्टींनी अंबरनाथचे आनंदनगर लक्षात घेण्याजोगे ठिकाण आहे. जून ते सप्टेंबर या काळात उल्हास खोऱ्यात पाऊस मुसळधार असतो आणि हवा दमट राहते. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात. हवेत आम्लधर्मी वायू असले तर, रासायनिक कारखान्यांच्या परिसरात ही शक्यता असतेच, गंजण्याचा वेग वाढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले दोन पत्रे मध्ये गंज शिरला की फुगून सुटतात. पेट्यांची पाणी वाहून जाण्याची भोके चिखलाने बुजतात, काचेच्या रबराखाली पाणी मुरते, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात साचते. दुसरीकडे, आनंदनगरची औद्योगिक वसाहत म्हणजे पत्राकाम, वेल्डिंग आणि लेथकाम जाणणाऱ्या हातांचा परिसर आहे. बॉडीच्या कामाला लागणारे मूलभूत कौशल्य हेच.

कामाची सुरुवात लोहचुंबकाने करावी. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे आधीच्या डेंटरने लांबी (पुट्टी) भरलेली असते. मग पेचकसाच्या टोकाने खालच्या कडा टोचून पाहायच्या. टोक आत गेले तर तो पत्रा संपला. कापण्यापूर्वी गाडी समतल करून खाली टेकू द्यावेत, दरवाजांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या तात्पुरत्या वेल्ड कराव्यात आणि एका वेळी एकाच बाजूची पेटी उघडावी. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर कवच वाकते आणि मग कोणताच दरवाजा बसत नाही. सडलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून त्याच जाडीचा तुकडा घडवावा, थोड्या थोड्या अंतरावर टाके घेत सीओटू वेल्डिंग करावे, म्हणजे उष्णतेने पत्रा लहरत नाही. पोचे हातोडा आणि डॉलीने काढावेत. लांबीचा थर शेवटची बारीक खोट भरण्यापुरताच असावा. उघडा पत्रा दमट हवेत एका रात्रीत गंज धरू शकतो, म्हणून एपॉक्सी प्रायमर लगेच मारावा आणि रंगाचे काम शक्यतो पावसाळ्याबाहेरच करावे. शेवटी पेट्यांच्या पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारावे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा असतो: फायबरचे भाग बसवले किंवा आख्खे कवचच बदलले तर काम स्वस्तात आणि लवकर होते. फायबर गंजत नाही हे खरे. पण भार पेलणाऱ्या पत्र्याला वेल्ड होऊन ते एकसंध कवचाचा भाग बनू शकत नाही. कवच बदलण्यात कायद्याचीही अडचण आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली खासगी गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाखाली व्हिंटेज म्हणून नोंदता येते, मात्र ती मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडीचे कवच वा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. 1974 च्या पद्मिनींनी 2024 मध्ये ही पन्नाशी गाठली आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: तुकडे बदलत गेल्यावर गाडी मूळची राहते का? जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्यूरिन सनदेने याचे व्यवहार्य उत्तर दिले आहे. नवा भाग जुन्याशी मिळताजुळता असावा, पण बारकाईने पाहिल्यास ओळखू यावा. म्हणून प्रत्येक कापाची छायाचित्रे आणि नोंद ठेवावी; त्यामुळे दुरुस्ती लपत नाही आणि उरलेल्या मूळ पत्र्याचे मोलही कळते.

तिसरा आक्षेप असा की ही काही संस्थानिकांची रोल्स-रॉइस नव्हे; हजारोंनी बनलेल्या गाडीसाठी एवढा खटाटोप कशाला? उत्तर त्या संख्येतच आहे. राजेरजवाड्यांच्या गाड्या जपायला संग्राहक पुढे येतात. सर्वसामान्यांची गाडी सर्वत्र दिसते म्हणून कुणी जपत नाही आणि पाहता पाहता भंगारात जाते. कुर्ल्याच्या कामगारांनी घडवलेला तो पत्रा महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचा थेट पुरावा आहे. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी तळ आणि पेट्यांवर खर्च करावेत. रंग पुढच्या वर्षी मारता येईल, खचलेले कवच मात्र तोवर थांबत नाही.