प्रवरेकाठचे भागभांडवल

जानेवारी २०१७ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी सहकारी साखर कारखान्यांच्या विक्रीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केल्या. कारखाने आधी कर्जात बुडवायचे आणि मग पडत्या किमतीत खासगी कंपन्यांच्या पदरात टाकायचे, असा व्यवहार झाल्याचा त्यांचा आरोप होता. घोटाळ्याचा आकडा त्यांनी २५,००० कोटींचा मांडला. फौजदारी कारवाई हवी असेल तर आधी पोलिसांत तक्रार करा, असे न्यायालयाने सांगितले. आरोपांची शहानिशा करणे हे इतिहासलेखकाचे काम नव्हे. पण या याचिकांच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे आणि तो कागदपत्रांवरून सुटण्यासारखा आहे. जे विकले गेले ते भांडवल मुळात उभे कसे राहिले? हा शोध राळेगणच्याच नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात, प्रवरेच्या कालव्यांवर घ्यावा लागतो.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. कालव्याच्या पाण्याने ऊस वाढला, पण त्या उसाची साखर करणारे शेतकरी नव्हते. मुंबई इलाख्यातल्या दख्खनी कारखान्यांची रीत उत्तर प्रदेशाहून वेगळी होती. इथल्या कंपन्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेत आणि स्वतःच ऊस पिकवत. हरिगावची बेलापूर कंपनी ही त्यातली ठळक. तिचे मॅनेजिंग एजंट मुंबईचे ब्रॅडी आणि कंपनी. ज्याने जमीन खंडाने दिली त्याला खंड मिळे. ज्याने स्वतः ऊस केला त्याला गुऱ्हाळ लावून गुळाच्या बाजारावर हवाला ठेवावा लागे. कारखान्याच्या नफ्यात दोघांचाही वाटा नव्हता.

हे चित्र कुण्या पुढाऱ्याच्या आठवणींतून घेतलेले नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी केली होती. ‘इकॉनॉमिक इफेक्ट्स ऑफ इरिगेशन’ हा तिचा अहवाल १९४८ मध्ये छापला गेला. कालव्यामुळे कोणाच्या पदरात काय पडले, याचा त्यात हिशेब आहे. ज्या वर्षी तो प्रसिद्ध झाला त्याच वर्षाच्या अखेरीस प्रवरेच्या बागायतदारांची कारखाना संस्था नोंदली गेली. गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष झाले, तर लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील उपाध्यक्ष. ज्यांचा हिशेब मांडला त्यांच्याच कारखान्याचा अध्यक्ष झालेला अर्थशास्त्रज्ञ आपल्याकडे क्वचितच सापडेल.

नोंदणीआधी तीन वर्षे, १९४५ च्या डिसेंबरात, बेलापूर रोडला म्हणजे आजच्या श्रीरामपूरला दख्खन कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद गाडगिळांच्याच अध्यक्षतेखाली भरली होती. विखे पाटलांची तयारी त्याहून जुनी. लोणी बुद्रुकची सहकारी पतसंस्था त्यांनी १९२३ मध्येच काढली होती. गावोगाव फिरून त्यांनी भाग गोळा केले, याच्या कथा आजही सांगितल्या जातात. त्या खोट्या नसाव्यात. मात्र नुसत्या फिरण्याने लोक पैसे काढून देत नाहीत. वीसहून अधिक वर्षे पतसंस्था चालवलेला माणूस पैसे मागतो आहे, हे लोकांपुढे होते. मला हा तपशील पायपिटीहून महत्त्वाचा वाटतो.

कंपनी काढून भाग विक्रीला काढण्याची वाटही मोकळी होती. १९१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे माहितीपत्रक नोंदवून जनतेकडून भांडवल मागता येत असे. शेतकऱ्यांनी तसे करून दाखवलेही होते. सासवडच्या माळी बागायतदारांनी अकलूजजवळ माळीनगरला १९३२ च्या सुमारास काढलेला कारखाना ही मर्यादित कंपनीच. मग प्रवरेकाठी सहकाराचा रस्ता का धरला? माझा तर्क असा, की हरिगाव त्यांच्या डोळ्यांसमोर होते. कंपनीत साधारणपणे मत भागांच्या मागे जाते, आणि भाग बाजारात पैशाच्या मागे. १९२५ च्या मुंबई सहकारी संस्था कायद्यात भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. दहा एकरवाल्याला आणि दोन एकरवाल्याला सर्वसाधारण सभेत सारखाच हात वर करता येत होता.

पण एका माणसाला एक मत असेल, तर बाहेरचा पैसेवाला त्यात रक्कम कशाला गुंतवेल? सभासदांच्या भागांतून पाया भरता येतो. यंत्रसामग्री त्यातून येत नाही. इथे १९४८ चा दुसरा एक कागद कामी आला, तो म्हणजे औद्योगिक वित्त महामंडळाचा कायदा. महामंडळ कर्ज कोणाला देऊ शकेल, हे सांगताना व्याख्येच्या कलमात सार्वजनिक मर्यादित कंपनीच्या जोडीला सहकारी संस्थाही घातलेली आहे. हे महामंडळ जुलै १९४८ मध्ये सुरू झाले. व्याख्येत सहकारी संस्था नसती, तर त्याचे दार प्रवरेला उघडलेच नसते. मुंबई राज्यात तेव्हा वैकुंठभाई मेहता अर्थमंत्री होते. सहकारी बँकेत उभे आयुष्य घालवलेला हा माणूस. राज्य सरकारने प्रवरेचे भाग घेतले आणि महामंडळाने कर्ज दिले. १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. पुढे १९५४ च्या ग्रामीण पतपाहणी समितीने सहकारी संस्थांच्या भागभांडवलात सरकारने भागीदारी करावी अशी शिफारस केली, तेव्हा त्या समितीत गाडगीळ सदस्य होते.

प्रवरेला ‘आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना’ म्हणतात. कागद या बिरुदाला साथ देत नाहीत. आंध्रात एटिकोप्पाका इथे १९३३ मध्येच सहकारी कारखाना निघाला होता. प्रवरेचे खरे पहिलेपण भांडवलाच्या रचनेत आहे. सभासदांचा भाग, सरकारचा भाग आणि वित्त महामंडळाचे कर्ज या तीन पायांवर महाराष्ट्रातले पुढचे बहुतेक सगळे कारखाने उभे राहिले.

आता तो भाग म्हणजे नेमके काय, ते पाहू. तो घेणारा नुसता गुंतवणूकदार नव्हता. किती क्षेत्रावर ऊस लावणार यावर किती भाग घ्यायचे ते ठरे, आणि भागाबरोबर कारखान्याला ऊस घालण्याचा हक्क आणि बंधन दोन्ही येत. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने उरलेल्या कडा बांधून टाकल्या. कलम २९ म्हणते की भाग किमान वर्षभर ताब्यात असला पाहिजे आणि तो सभासदालाच, किंवा सभासद म्हणून स्वीकारल्या गेलेल्या माणसालाच देता येईल. कलम ६७ ने लाभांशावर मर्यादा घातली आहे. म्हणजे भाग विकून चार पैसे जोडायची सोय नाही आणि लाभांशावर श्रीमंत व्हायचीही नाही. सभासदाचा खरा फायदा उसाच्या भावात यायचा.

भांडवल एकदा भाग विकून संपले नाही, हे या रचनेतले सर्वांत मोठे कौशल्य. दरवर्षी ऊसबिलातून परतीची ठेव आणि बिनपरतीची ठेव कापून घेतली जाई. कंपनीला नवे भाग काढायचे तर माहितीपत्रक लागते, खरेदीदार शोधावे लागतात. कारखान्याला सर्वसाधारण सभेचा ठराव आणि बिलातला एक रकाना पुरे होता. विस्तार त्यातूनच झाला. सभासदाच्या हाती मात्र त्या कपातीची पावती आली, तिचा भाव कधी ठरला नाही.

इथेच २०१७ च्या याचिकांचे मूळ आहे. शेअर बाजारातल्या कंपनीचा कारभार बिघडला की भाव घसरतो. भागधारकाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ते कळते आणि तो बाहेर पडू शकतो. सहकारी भागाची किंमत कागदावर छापली तीच राहिली. कारखाना तोट्यात जाऊन राज्य सहकारी बँकेने २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ताबा घेतल्याची नोटीस लागेपर्यंत तो भाग सभासदाच्या लेखी पूर्ण मोलाचा होता. विक्रीनंतर धनकोंचे देणे आधी आणि सभासद शेवटी. सहकारी भागाला बाजार नसावा हा निर्णय १९४८ च्या मंडळींनी हरिगावकडे पाहून घेतला असावा आणि त्या काळी तो बरोबरच होता. बाजाराऐवजी कारभारावर नजर ठेवणारे दुसरे काही मात्र त्यांच्यानंतरच्यांनी उभारले नाही, आणि हा दोष या नंतरच्यांच्याच पदरी घालावा लागतो.

राळेगणसिद्धी या सगळ्यापासून दूर होते. पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. तिथे तेव्हा ना कालवा, ना तारण ठेवायला ऊस. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या हजारे यांनी यादवबाबांच्या मंदिराच्या दुरुस्तीत आपली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम घातली, ते गावाचे पहिले भांडवल. त्यापुढचे श्रमदानातून आले: बांध, नाले, पुढे धान्य बँक आणि सामुदायिक विहिरी. गणेश आणि वसुधा पांगारे यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात राळेगणची ही वाटचाल मांडली आहे. पारनेर तालुक्यालाही पुढे देवीभोयरे इथे सहकारी कारखाना मिळाला. तोही शेवटी खासगी मालकीत गेला.

भागाला बाजार असावा की नसावा, हा प्रश्न आजही आहे. छोट्या कंपनीला भांडवल उभारायला मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांचे स्वतंत्र मंच २०१२ पासून आहेत. तिथे विक्री पूर्ण हमीची असावी लागते आणि भागांची खरेदी-विक्री तीन वर्षे चालू ठेवणारा मध्यस्थ नेमावा लागतो. शेतकऱ्यांना मात्र कंपनी कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीने उत्पादक कंपनी दिली गेली. नाव कंपनीचे, पण तिचेही भाग बाजारात येत नाहीत.

एक विनंती. सर्वसाधारण सभेआधी सभासदाच्या घरी येणारे कारखान्याचे वार्षिक अहवाल, भागाचे दाखले आणि ठेवींची कपात दाखवणारी जुनी ऊसबिले रद्दीत घालू नका. विकल्या गेलेल्या कारखान्यांची दप्तरे मालकी बदलताना विखुरतात, आणि मग सभासदाने नेमके किती भांडवल दिले याचा पुरावा घरातल्या पेटीतच उरतो. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे त्यांच्या प्रती तरी द्या.