लाकडी वास्तू : परीक्षा आणि जतन

महाराष्ट्रातून पाहुणे आले की आपण त्यांना म्हैसूरचा राजवाडा दाखवतो आणि श्रीरंगपट्टणाला दरिया दौलत बागेत नेतो. या दोन वास्तूंच्या इतिहासात लाकडाचा वाटा मोठा आहे.

म्हैसूरचा जुना राजवाडा मुख्यतः लाकडी होता. १८९७ च्या फेब्रुवारीत राजकन्येच्या विवाहसमारंभाच्या वेळी आग लागून तो भस्मसात झाला. हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार उभारलेला सध्याचा राजवाडा १९१२ साली पूर्ण झाला. त्यात दगड, वीट व ओतीव लोखंड यांवर भर दिला गेला. आपला शनिवारवाडाही १८२८ च्या फेब्रुवारीतील आगीत गेला. उरले ते चौथरे आणि तटबंदी.

दरिया दौलत मात्र टिकला. टिपू सुलतानाने तो १७८४ साली सागवानात बांधला. १७९२ मध्ये हरिपंत फडके यांची फौज कॉर्नवॉलिसबरोबर श्रीरंगपट्टणापुढे उभी होती, तेव्हा हा महाल अवघ्या आठ वर्षांचा होता. कावेरीकाठच्या दमट हवेत तो टिकण्याची कारणे साधी आहेत : सागाच्या अंगचे तेल, उंच जोते आणि पाऊस आत न येऊ देणारी चहूबाजूंची रुंद ओसरी.

लाकूड वयाने सडत नाही, ओलाव्याने सडते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी सहसा धरत नाही. आम्हा रेल्वेवाल्यांना हा धडा लाकडी स्लीपरने शिकवला. क्रिओसोट पाजलेला स्लीपरही खिळ्याच्या भोकाभोवती आणि रुळाच्या बैठकीखाली आधी कुजे, कारण पाणी तिथेच मुरे. वाड्यातही तसेच घडते. तुळई मध्यभागी ठणठणीत दिसते, पण भिंतीत गाडलेले तिचे टोक आतून भुगा झालेले असते. आपले जुने सुतार खांब दगडी तळखड्यावर उभा करत, तो जमिनीची ओल वर चढू नये म्हणूनच.

परीक्षा कशी करावी? हातोडीने हलके ठोकावे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द. दाभण टोचून पाहावे. सहज आत गेले तर धोका समजावा. वाळवीच्या मातीच्या नळ्या आणि भुंग्याचा पिठासारखा भुसा शोधावा. त्यापुढे ओलावामापक यंत्र आहे, तसेच बारीक सुई फिरवून आतला विरोध मोजणारे यंत्रही मिळते.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा. आधी गळती बंद करावी, मग कीड मारावी, शेवटी सुताराला बोलवावे. फक्त कुजलेला भाग कापून त्याच जातीचे, मुरलेले लाकूड सांध्याने जोडता येते. अख्खी तुळई काढण्याची गरज क्वचितच पडते. टोकाभोवती सिमेंट भरणे टाळावे, त्यात ओल कोंडते. जुनी वायरिंगही बदलून घ्यावी, म्हणजे आगीचे एक मोठे कारण दूर होते.

हे लिहिण्याचे कारण असे की, आपल्यापैकी अनेकांचे वाडे गावी बंद आहेत आणि "सगळे सडले आहे" असे सांगून सागवान मागणारे व्यापारी दारात येतात. या दिवाळीला गावी गेलात तर होकार देण्यापूर्वी हातोडी आणि दाभण घेऊन एकदा माळ्यावर चढा. सडले आहे ते किती, हे आपण स्वतः पाहावे आणि मगच भावंडांनी मिळून निर्णय घ्यावा.