जीभ, दार आणि मोजा

इंग्रजी कादंबरी वा नाटक मराठीत आणणाऱ्या अनुवादकाची एक सोय सहसा आपल्या लक्षात येत नाही. 'होल्ड युअर टंग', 'शट अप', 'पाइप डाउन', 'पुट अ सॉक इन इट' या चारही प्रयोगांपुढे तो 'गप्प बस' एवढेच लिहितो आणि पुढे जातो. आशय पोहोचतो, परंतु कोण कोणाला, कोणत्या अधिकाराने गप्प करीत आहे, हे हरवते. अशा प्रयोगांना समानार्थी मानणे ही कोशाची सवय होय. त्यांचा इतिहास पाहू लागले की बोलणाऱ्या माणसाविषयीची वेगवेगळी गृहीतके त्यांत दडलेली दिसतात.

'होल्ड युअर टंग' हा यांतील सर्वांत जुना. त्यात आज्ञा असली तरी जीभ धरायची ती बोलणाऱ्यानेच. त्याचा स्वतःवर ताबा आहे, हे मान्य केलेले असते. जॉन डन यांची 'द कॅननायझेशन' ही मरणोत्तर, १६३३ साली छापली गेलेली कविता याच प्रयोगाने उघडते. मित्राला गप्प करणारा निवेदक लगोलग त्याला टीकेसाठी दुसरे विषय पुरवतो: आपला संधिवात, आपले पिकलेले केस. बोलणे थांबवायचे नसून वळवायचे आहे. बरोबरीच्या माणसाशीच असे बोलता येते.

ही बरोबरी सर्वांच्या वाट्याला आलेली नव्हती. सोळाव्या-सतराव्या शतकांत स्कॉटलंड व इंग्लंडमधील काही गावांत 'भांडखोर' ठरवलेल्या स्त्रीच्या डोक्याला लोखंडी सांगाडा अडकवून तिला लोकांसमोर फिरवीत. त्याची एक पट्टी तोंडात शिरून जीभ दाबून धरी. त्याचे नावच 'स्कोल्ड्स ब्रायडल', म्हणजे भांडखोरणीचा लगाम. जीभ धरण्याचे रूपक येथे रूपक उरत नाही. जिने ती स्वतः धरावी अशी अपेक्षा, तिच्या वतीने ती गावाने धरलेली असते.

'शट अप' मध्ये जीभ नाहीच. आहे ते दार. हे क्रियापद आधी घरादारांचे होते. लंडनमधील १६६५ च्या प्लेगात रोग्याचे घर आतल्या माणसांसकट बंद करीत, त्या कृतीलाही हाच शब्द होता, आणि डॅनियल डीफो यांच्या 'अ जर्नल ऑफ द प्लेग इयर' (१७२२) या ग्रंथात या घरबंदीची चर्चा वारंवार येते. बोलणाऱ्यावर फेकायची सुटी आज्ञा म्हणून तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रुळला. तोंडाकडे उघडझाप करणारे भोक म्हणून पाहण्याची दृष्टी त्याआधीच तयार होती: फ्रान्सिस ग्रोज यांच्या बोलीकोशाच्या १८११ सालच्या विस्तारित आवृत्तीत तोंडाला 'बटाट्याचा सापळा' म्हटले आहे, आणि तो मिटण्याचा सल्लाही नोंदवला आहे.

'पाइप डाउन' जहाजावरचा. बोसनची (आपल्याकडील खलाशांच्या भाषेत सारंगाची) रात्रीची शेवटची शिटी झाली की खलाशांनी निजायचे. येथे आज्ञा व्यक्तीची नसून वेळापत्रकाची आहे.

'पुट अ सॉक इन इट', म्हणजे त्यात मोजा कोंब, याची कथा अधिक उद्बोधक आहे. जुन्या ग्रामोफोनच्या कर्ण्यात आवाज दाबण्यासाठी लोकरी मोजा कोंबत, त्यावरून हा प्रयोग आला, असे सर्रास सांगतात. कथा गोड आहे, आणि म्हणूनच संशयास्पद. या प्रयोगाच्या अगदी आरंभीच्या लिखित नोंदींपैकी एक लंडनच्या 'अथेनीअम' या नियतकालिकात १९१९ साली आढळते, आणि तेथे त्याचा अर्थ समजावून द्यावा लागला आहे. ग्रामोफोन बाळगणाऱ्या घरांतून तो आला असता, तर अशा घरांतील वाचकाला अर्थ सांगण्याचे प्रयोजन काय? महायुद्धातील सैनिकांच्या बराकीतून तो नुकताच बाहेर पडत होता, हा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. बराकीत मोजा हाताशी असतो, शेजारचा ओरडत असतो, आणि हुद्दा दोघांचा एकच. धमकी हास्यास्पद असल्यामुळेच ती बरोबरीच्यांत खपते. याच सैनिकी बोलीत हिंदुस्थानातील पलटणींमधून 'चुप' ही शिरला होता. पुढे आपल्या सुशिक्षित घरांत 'शट अप' रुळला. फिट्टंफाट झाली म्हणायची.

'मम' चा प्रवास सर्वांत लांबचा. चौदाव्या शतकातील 'पिअर्स प्लाउमन' मध्ये, पैसा दिसेपर्यंत 'मम' एवढाही ध्वनी तोंडातून न काढणाऱ्या वकिलांवर कोरडे ओढलेले आहेत. मिटल्या ओठांतून निघणारा हा किमान आवाज पुढे मौनाचेच नाव झाला. १९४० साली ब्रिटिश सरकारने त्याचा श्लेष केला: 'बी लाइक डॅड, कीप मम'. वडिलांसारखे व्हा, मौन पाळा. आणि शब्दांत दडलेला दुसरा अर्थ, आईला पोसा. मजूर पक्षाच्या खासदार एडिथ समरस्किल यांनी त्यास आक्षेप घेतला. त्यांच्या दृष्टीने हा स्त्रियांचा अवमान होता, आणि श्लेष उकलून पाहिला तर आक्षेप नाकारता येत नाही: मौन पाळणारा पुरुष, आणि पाळली जाणारी स्त्री. १९४२ च्या भित्तिपत्रकात स्त्री पुन्हा अवतरली. ती देखणी आहे, भोवती अधिकारी गप्पांत रंगले आहेत, आणि खाली इशारा आहे की ती दिसते तितकी निर्बुद्ध नाही. लोखंडी लगाम घडवणाऱ्यांना तिच्या बोलण्याचे भय होते; येथे ती एक शब्दही बोलत नाही, फक्त ऐकते आहे.